उसाकडचा लाईट

जोतीआबांना छपराखाली झोप येत नसे. जन्म मेंढरांमागं गेलेला माणूस. डोक्यावर आभाळ दिसलं नाही की कुणीतरी तोंडावर पाटी पालथी घातल्यागत त्यांना व्हायचं. त्यांचा मुलगा तानाजी सेलमला गलाईच्या दुकानात सोनं गाळायच्या कामाला लागला आणि विट्यापासनं थोडं आत, आपल्या रानातच, त्यानं स्लॅबचं घर बांधलं. वर पंखा टांगला, खाली कॉट टाकली. आबांनी पंख्याकडं एकदा मान वर करून बघितलं, "ह्ये फिरता फिरता खाली आलं म्हंजी?" एवढंच विचारलं आणि आपली बाज उचलून गोठ्यामागं, वाघरीशेजारी नेऊन टाकली. वाघर म्हणजे रात्री मेंढरं कोंडायची सुताची जाळी. जाळीच्या आत मेंढरं, बाहेर बाजेवर आबा आणि बाजेखाली चाप्या नावाचं कुत्रं, अशी ती वस्ती होती.

हरणाबाईला, म्हणजे आबांच्या बायकोला, याचं नवल नव्हतं. सून प्रांजल नवी असताना एकदा म्हणाली, "आत्या, मामा घरात का झोपत न्हाईत?"

"मला सवत हाय," हरणाबाई म्हणाली. "एक न्हाई, चाळीस हायत्या. चार चार पायांच्या."

हे सगळं ठीक होतं तोवर, जोवर ते रान माळ होतं. तिथं कुसळं उगवायची आणि लांडगा यायचा. लांडग्याशी आबांची जुनी ओळख होती. तो कसा येतो, कुठल्या बाजूनं येतो, त्याला काय म्हटलं की जातो, सगळं त्यांना ठाऊक. मग कालव्याचं पाणी आलं. पाण्यामागनं ऊस आला, वाघरीपासनं हाकेच्या अंतरावर, बांधापर्यंत येऊन उभा राहिला. आणि उसामागनं बिबट्या आला. त्याच्याशी आबांची काहीच ओळख नव्हती.

शेजारच्या वस्तीवरच्या नाथाजीची शेरडं गेली. मग शेरडं राखणारं कुत्रं गेलं. वनखात्याची माणसं जीपमधनं आली, समाजमंदिराच्या भिंतीवर कागद चिकटवून गेली. प्रांजलनं त्याचा फोटो काढून आणला आणि आबांना वाचून दाखवला. उघड्यावर झोपू नका, असं त्यात पहिलंच होतं.

"त्यास्नी सांगायला काय जातंय," आबा म्हणाले. "मी घरात झोपलो तर मेंढरं बी घरात घेता का?"

प्रांजलनं तानाजीला फोन लावला. माणूस लांब असला की त्याला उपाय लवकर सुचतात. तानाजी म्हणाला, "मोठा लाईट लावा तिकडं. उजेडाला येत न्हाई त्यो."

तर असा तो लाईट आला. म्हणजे पहिला. तो विजेवर चालायचा आणि रात्री मोटारींना थ्री फेज सुटली की त्या धक्क्यानं महिन्याच्या आतच काळा पडला. दुसऱ्याच्या काचेत पहिल्याच वळवाचं पाणी शिरलं, आत पाकोळ्या जमल्या आणि शेवटी त्यात पालीनं अंडी घातली. "ती तरी सुखानं ऱ्हाईली," हरणाबाई म्हणाली.

तिसरा आणला सयाजीनं. सयाजी गावात जळलेल्या मोटारींचं वायंडिंग भरायचा, वायरिंग करायचा. त्यानं लोकांच्या घरात इतकी बटणं बसवली, पण त्याच्या स्वतःच्या तोंडाला बटण नव्हतं.

"आबा, ह्यो बघा," तो शिडीवरनं म्हणाला. "सोलरचा हाय. लाईट असू दे नायतर जाऊ दे, ह्येला काय फरक पडत न्हाई. पाण्यात बुडवा, फुफाट्यात पुरा, ह्यो लागणारच. माज्या लग्नाची गॅरंटी मी देत न्हाई, पर ह्येची देतो."

"तुज्या लग्नाची तर तुजी बायकूबी देत न्हाई," हरणाबाई खालनं म्हणाली.

"ऐका तर काकू. ह्यो दिव्याच्या खाली पांढरा गोळा हाय न्हवं, अंड्यागत? त्यो ह्येचा डोळा. म्होरनं ऊब असलेलं काय बी हललं, माणूस, जनावर, मांजार, की ह्येला दिसतं. दिसलं की दिवा पेटला. कोण न्हाई तर गप. अंधार असला म्हंजी समजायचं, तिकडं कोण न्हाई."

"झोपत न्हाई ह्यो?" आबांनी विचारलं.

"न्हाई."

"पगार?"

"न्हाई."

"मग मलाच काढा कामावरनं," आबा म्हणाले आणि बाजेवर आडवे झाले.

सयाजीनं पहिल्यांदा त्याचं तोंड वाघरीकडं केलं होतं. त्या रात्री एखाद्या मेंढीनं नुसती कूस बदलली की दिवा पेटायचा. मेंढरं डोळे मिचकावत उभी राहिली, आबा घोंगडं तोंडावर ओढून शिव्या देत पडले, आणि सकाळी सगळा कळप जत्रेतनं आल्यागत दिसत होता. सयाजीला परत बोलावलं. त्यानं खांबावरचा दिवा फिरवला: वाघरीकडं पाठ, उसाकडं तोंड. जे यायचं ते तिकडनंच येणार होतं.

आणि तो टिकला, हे खरं. उन्हाळ्यात खांबाला हात लावायची सोय नव्हती, तेव्हा टिकला. वळवात नाथाजीच्या गोठ्याचा पत्रा उडून आमराईत गेला, तेव्हाही हा जागचा हलला नाही. पावसाळ्यात घरातल्या दोन बटणांतनं शॉक यायला लागला, टीव्ही मेला, आणि उसाकडचा लाईट मात्र सशाला, मुंगसाला, डुकराला, नाथाजीच्या मांजराला इमानेइतबारे पेटत राहिला. स्वयंपाकघराच्या मागच्या खिडकीतनं तो उजेड दिसायचा. भाकरी थापता थापता प्रांजल मान वळवून बघायची. अंधार असला की भाकरी उलटायची.

एकदा दिवेलागणीला तिनं तसंच बघितलं आणि हातातली भाकरी तशीच राहिली. उजेडात बांधावर बिबट्या उभा होता. चुकीच्या लग्नात शिरलेल्या पाहुण्यासारखा त्यानं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. आबांनी बाजेवरनं धोंडा भिरकावला, चाप्यानं वस्ती डोक्यावर घेतली, आणि तो वळून उसात गेला.

त्या दिवसापासनं लाईट घरातला झाला. हरणाबाई तानाजीला फोनवर सगळ्यांची खुशाली सांगायची, त्यात त्याचीही सांगायची. चाप्याचं मात्र वजन उतरलं. तो रात्री भुंकला की आधी लोक उठायचे. आता खिडकीतनं मागं बघायचे, अंधार दिसला की म्हणायचे, "गप रं." कुत्र्याला उंदीर दिसला तरी भुंकायचं असतं. लाईट तसा उगीच बोलत नव्हता.

खंडेनवमीला वस्तीवर हत्यारं पुजतात. विळा, खुरपं, कोयता, लोकर कातरायची कातर, आबांची काठी, सगळं धुऊन घोंगड्यावर मांडलं. हरणाबाईनं बिरोबाचा भंडारा तेलात कालवला. तेलातला बरा बसतो, पाण्यातला वाळून उडतो, असं तिचं मत होतं. एकेकाला बोटं ओढत ती शेवटाला आली, मोटारीच्या पेटीला लावलं, प्रांजलच्या मोबाईललाही लावलं. मग कमरेवर हात ठेवून गोठ्यामागं बघत राहिली.

"त्येला न्हाई लावला."

"कुणाला आत्या?"

"राखणदाराला. वरीसभर ह्यांच्या उशाला उभा हाय. शिडी आण."

"आवं, तुमी कशाला चढता? मी लावते."

"तुजं हात गुळगुळीत. तू मोबाईलला लाव."

प्रांजलनं शिडी धरली. तिला खालनं सासूच्या लुगड्याचा काठ आणि भेगाळलेल्या टाचा एवढंच दिसत होतं. वरनं आवाज आला, "कपाळ कुठं गं ह्येचं?"

"आसंल की तितंच कुठं तरी."

"हां. हितं हाय, गोल." मग हरणाबाई त्याच्याशी बोलली, बैलाशी बोलते तसं, हळू. "लय राखलंस बाबा. असंच राख."

खाली उतरली तेव्हा तिची पाचही बोटं पिवळी होती. आबा बाजेवरनं बघत होते.

"मला कवा लावला न्हाईस येवडा," ते म्हणाले.

"तुमी कवा येवडं जागं ऱ्हायलासा?"

दुसऱ्या दिवशी सोनं वाटलं, पुरणपोळ्या झाल्या. आणि त्यानंतर उसाकडचा लाईट गप झाला.

हे कुणाला वाईट वाटलं नाही. उलट घरात हलकं हलकं झालं. प्रांजल भाकरी थापता थापता मान वळवायची, मागं अंधार. झोपताना बघायची, अंधार. हरणाबाईनं तानाजीला सांगितलं, "बिरोबानं ऐकलं. त्यो गेला दुसरीकडं. लाईट लागतच न्हाई आता." आबांना तर त्याहून सुख. वर्षभरानं त्यांना उशाला चांदण्या दिसायला लागल्या होत्या. "आता कशी झोप लागतीया," ते सकाळी चहा घेताना म्हणायचे. "आता रान रानागत वाटाया लागलं."

प्रांजलला एकदा शंका आली. ती म्हणाली, "आत्या, नाथाजीभावजींच्या मांजरालाबी लागत न्हाई ओ."

"मांजराचीबी भक्ती आसंल."

"एकदा बांधाच्या तिकडनं चालून बघावं का?"

"बघ की. मी ऱ्हाते हितं हुबी."

पण उसाला पाणी सोडलेलं होतं, तिकडं पोटरीएवढा चिखल होता, आणि दिवेलागणीला उसाच्या कडेनं चालायला प्रांजलचा जीव धजला नाही. उद्या बघू म्हणाली. दिव्याचं तोंड उसाकडं असल्यानं त्या डोळ्याला काय झालंय ते वस्तीवरनं कुणाला दिसतही नव्हतं. ते फक्त उसात बसलेल्याला दिसलं असतं.

एका पहाटे चाप्या भुंकायला लागला. प्रांजल नुकतीच उठली होती. तिनं मागची खिडकी उघडली. मागं गच्च अंधार होता, चांगला, शांत, सवयीचा. "गप रं चाप्या," ती म्हणाली. खिडकी लावली आणि गॅसवर चहाचं आधण ठेवलं. आधणाच्या आवाजात चाप्या कधी थांबला ते तिच्या ध्यानात आलं नाही.

उजाडल्यावर हरणाबाई रोजच्यासारखी चहा घेऊन गोठ्यामागं गेली. बाज रिकामी होती. आबा बांधाकडं गेले असतील, म्हणून तिनं कपावर बशी पालथी घातली, चहा निवू नये म्हणून, आणि बाजेच्या काठावर टेकली. मग तिला दिसलं की मेंढरं सगळीच्या सगळी वाघरीच्या पलीकडच्या कोपऱ्यात एकमेकांत शिरून उभी आहेत, आणि एकही ओरडत नाही. चाप्या बाजेखाली पोट जमिनीला लावून पडला होता. घोंगडं बाजेवर नव्हतं. ते बांधावर होतं, थोडं चिखलात.

प्रांजलला तिनं नावानं हाक मारली, जेवायला मारतात तशी. प्रांजल गेली तेव्हा हरणाबाई बांधाखाली चिखलात बसली होती, आबांचं डोकं मांडीवर घेऊन, आणि पदरानं त्यांच्या कानातला चिखल काढत होती.

माणसं जमली. जीप आली, पिंजरा आला, पिंजऱ्यात नाथाजीचंच राहिलेलं एक शेरडू बांधलं. पेपरवाल्यांनी बाजेचा फोटो काढला. सेलमहून तानाजी पोचला तोवर सगळं त्याच्यासाठीच थांबवून धरलं होतं. त्यानं बापाला मातीला नेलं, आणि दुसऱ्या दिवसापासनं त्याला कुणावर तरी राग काढायचा होता. बिबट्या सापडत नव्हता. सयाजी सापडण्यासारखा होता.

"पाण्यात बुडवा म्हणाला," तानाजी येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचा. "फुफाट्यात पुरा म्हणाला. माज्या बाला फसवून मारलं त्येनं." लोक मान हलवायचे. दोनच दिवसांत गावात झालं: सयाजीचा माल डुप्लिकेट. शाळेवरचे लाईट त्यानंच लावले होते, ते काढून घ्या म्हणून कुणी तरी ग्रामपंचायतीत बोललंसुद्धा.

प्रांजल हे ऐकत आल्यागेल्याला चहा देत होती. त्या खिडकीचं तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

रक्षाविसर्जनाला सयाजी आला. येणार नाही असं सगळ्यांना वाटत होतं. पाव्हणे पांगत होते, दिवेलागण होत आली होती. तो कुणाशी न बोलता शिडी घेऊन गोठ्यामागं गेला. तानाजी त्याच्या मागं, तानाजीमागं चार माणसं, आणि भिंतीला धरत धरत हरणाबाई.

"काढ खाली त्येला," तानाजी म्हणाला. "दाव सगळ्यास्नी आत काय भरलंय त्ये."

सयाजीनं शिडी उसाच्या बाजूनं लावली. चढला. डोळ्याच्या समोर त्याचा चेहरा आला आणि तो तसाच थांबला. तेवढ्यानं दिवा पेटायला हवा होता, पेटला नाही. शिडी धरायला प्रांजल खाली उभी होती. तिनं वर बघितलं. सयाजीनं मान वळवून खाली, माणसांच्या मागं भिंतीला टेकलेल्या हरणाबाईकडं बघितलं. मग त्यानं अंगठा डोळ्यावरनं दाबून फिरवला, एकदा, दोनदा, आणि मूठ मिटली. दिव्याचा पेच उगीच सैल करून परत आवळला.

खाली उतरून तो म्हणाला, "पाणी शिरलंय आत. माल खराब निघाला. चूक माजी हाय."

तानाजीनं त्याची गचांडी धरली. "तू म्हणालतास का न्हाई, पाण्यात बुडवा म्हणून?"

"म्हणालतो."

"मग आता बोल की. लय बोलतूस न्हवं?"

तोंडाला बटण नसलेला माणूस एक शब्द बोलेना, म्हणून जमलेल्यांनाच अवघडल्यासारखं झालं. कुणी तरी म्हणालं, "तानाजी, आजचा दिवस न्हवं."

"सयाजी," हरणाबाई म्हणाली. "हिकडं ये."

तानाजीनं त्याला सोडलं. तो तिच्यासमोर जाऊन मान घालून उभा राहिला. तिनं त्याची उजवी मूठ हातात घेतली. तो उघडू देईना. तिनं एकेक बोट सोडवलं, लहान पोराच्या मुठीतनं खडा काढावा तसं. अंगठा पिवळा होता. तिनं तो नाकाजवळ नेला.

"तेलातला हाय," ती म्हणाली.

"काकू, कडंला लावलावता तुमी. वघळला आसंल खाली. त्येनं काय हुत न्हाई. पाणीच शिरलंय."

"खोटं बोलाया तुला जमत न्हाई. खरं बोलायची तुला सवय न्हाई, त्ये येगळं." तिनं त्याचा अंगठा पदरानं पुसला, कडेनं, नखाच्या खालनंसुद्धा. "मी कपाळ समजून डोळ्यालाच लावला व्हय?"

सयाजीनं प्रांजलकडं बघितलं. प्रांजल म्हणाली, "आत्या, शिडी मी धरली हुती. मीच म्हणाले, तितंच कुठं तरी…"

"तू शिडी धरलीस." हरणाबाईनं तानाजीकडं मान वळवली. "तुज्या बाला ह्येनं न्हाई मारलं. लाईट चांगला हुता. चांगला हुता म्हणून तर त्येला पुजला. गावात जाऊन सांग, तू सांगितलंस तेवड्याच मोठ्यानं."

तानाजी तिथंच वाघरीशेजारी खाली बसला. चिखलात उमटलेल्या मेंढरांच्या खुरांकडं बघत राहिला. बाकीची माणसं पायातल्या चपला नीट करायला लागली.

"कशानं पुसायचा त्यो डोळा?" हरणाबाईनं विचारलं.

"ओल्या फडक्यानं," सयाजी म्हणाला. "मग कोरड्यानं."

"आन् लागतूया का न्हाई, कसं बघायचं?"

"म्होरनं चालून बघायचं काकू. दुसरं काय न्हाई. म्या त्ये सांगाया पायजे हुतं तवाच."

तो शिडी न घेताच निघून गेला.

तानाजीनं सेलमला जाण्याआधी मेंढरं नाथाजीच्या पाहुण्यांना दिली. वाघर गुंडाळून माळ्यावर गेली. बिबट्या पिंजऱ्यात आला नाही. तानाजीनं आईला बरोबर चल म्हणून विनवलं. ती नको म्हणाली. बाज तिनं घरात आणू दिली, पण तिच्यावर कुणी बसत नाही. चाप्या आता दारात झोपतो, आणि तो भुंकला की दोघी उठतात, दर वेळी.

गोठ्यामागं आता राखायला काही उरलं नाही. तरी रोज दिवेलागणीला हरणाबाई ओलं फडकं घेऊन शिडी चढते, उतरते आणि उसाच्या बाजूनं बांधावर जाऊन उभी राहते. लाईट लागतो. त्याचा उजेड तिच्याच तोंडावर असतो, त्यामुळं तो लागला की नाही हे तिच्याइतकं दुसऱ्या कुणाला कळणार? पण तेवढ्यावर तिचं भागत नाही. घरातनं कुणीतरी बघून सांगायला लागतं. स्वयंपाकघराची ती मागची खिडकी उघडून, प्रांजलनं.

"लागला का गं?" ती बांधावरनं विचारते.

प्रांजल खिडकीचा गज धरून उभी असते. उसाची पाती हलत असतात.

"लागला, आत्या. या आता घरात."